गच्चीवरचा राब

सोनिवलीच्या 'हरितक्षेत्र रेसिडेन्सी'त राहणारी माणसं आपला पत्ता विंग, मजला, फ्लॅट असा सांगतात. कमळाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "आंब्याशी ये, तिथना खल्याकरं वल, न् नांगर ठेवायचो त्याच्या वर तिसऱ्या माल्याव." आंबा म्हणजे हल्लीची वॉचमनची केबिन आणि खळं म्हणजे लिफ्ट. गॅस सिलिंडरवाले दोनदा परत गेले तेव्हा सून विनिताने फ्लॅटचा नंबर दारावर हातभर मोठा रंगवून घेतला. कमळाबाईंचा पत्ता मात्र बदलला नाही. चाळीस वर्षं जिथे चिखल तुडवला त्या जागेला कुणी 'सी विंग' म्हटलं म्हणून ती लगेच सी विंग होत नसते.

जमीन त्यांचीच. नवरा जनू गेल्यावर मुलगा हितेशने बिल्डरशी बोलणी केली, जमिनीच्या बदल्यात दोन फ्लॅट आले, आणि भाताचं शेत बुजवून उभ्या केलेल्या इमारतीला बिल्डरने 'हरितक्षेत्र' नाव दिलं. ज्याचा निकाल लावला त्याचंच नाव दारावर लावायचं, ही त्या धंद्यातली रीतच आहे. कमळाबाईंनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. लिफ्ट त्यांना आवडली, नळ आवडला, संडास घरात आला याचं तर त्यांनी आठवडाभर कौतुक केलं. एकच गोष्ट त्यांना सोडवली नाही. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यामागे, त्यांनी एक वाळका दुधी भोपळा दडवून ठेवला होता आणि त्यात राखेत घोळवलेलं शेरभर भाताचं बी होतं.

हे भात लालसर, बुटकं आणि आडमुठं. कमळाबाईंच्या सासूने ते आपल्या माहेराहून आणलं होतं, म्हणून घरात त्याला नुसतं 'आयचं भात' म्हणत. दुकानात ते मिळत नाही. सासूने ते सुनेच्या ओटीत घालायचं, सुनेने दर वर्षी पेरायचं आणि आपली पाठ वाकली की पुढच्या सुनेला द्यायचं, अशी त्या घरातली चाल. कमळाबाईंची पाठ तीन वर्षांपूर्वीच वाकली. त्यांनी विनिताला ओटी पुढे करायला सांगितलं तेव्हा विनिता म्हणाली, "आई, मी ह्याचं काय करू? ठेवायला जागा पण नाय आहे." विनिता उल्हासनगरच्या कॅम्प पाचात वाढलेली. तिच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना. पोर मनाने वाईट नव्हती, पण तांदूळ पिशवीत पिकतो अशा थाटात वागायची.

जमीन गेल्यावर कमळाबाई ते बी रस्त्यापलीकडे दिराच्या तुकड्यात पेरत. गेल्या वर्षी त्या तुकड्यावरही भराव पडला. आणि भाताचं बी दोन उन्हाळे धीर धरतं. पुढे ते शिजवायला चालतं, पेरायला नाही. म्हणजे यंदाच्या रोहिणी नक्षत्रात पेरलं तर पेरलं, नाहीतर सासूने विश्वासाने ओटीत घातलेलं ते बी मिक्सरच्या खोक्यामागे मुकाट मरणार होतं. आपल्या हातून हे होऊ द्यायला कमळाबाई तयार नव्हत्या.

जागा एकच उरली होती, ती म्हणजे गच्ची. पण गच्चीच्या वाटेत श्यामकांत होते.

श्यामकांत म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला ऑफिसर काही निवृत्त झाला नाही. घरातली ट्यूबलाइट बदलताना ते हेल्मेट घालत. नळाचा वायसर बदलायचा तर आधी बाथरूमच्या दाराला 'काम चालू आहे, आत येऊ नये' अशी पाटी अडकवत, आणि मग बायकोला, उमाबाईंना, दोन तास शेजाऱ्यांच्या बाथरूमचा आसरा घ्यावा लागे. उमाबाई सोशिक होत्या. पण त्यांच्याही सोशिकपणाला गळती लागली होती, आणि ती सरळ छतातून होती.

श्यामकांतांचा फ्लॅट सगळ्यात वरचा. तीन पावसाळे त्यांच्या बेडरूमचं छत गळत होतं. पहिल्याच वर्षी एक गच्चीवाला डांबरी शीट घेऊन आला. शीट चिकटवण्यासाठी त्याने गॅसची मशाल पेटवली आणि श्यामकांतांनी त्याला जिन्यावरून खाली उतरवला. "गच्चीवर उघडी ज्योत? माझ्या साइटवर? शक्यच नाही!" मग त्यांनी आपल्या स्वयंसेवक पथकाला हाताशी धरून त्या शीट गार डिंकाने स्वतः चिकटवल्या. पहिल्या श्रावणात त्यांच्या कडा पापडासारख्या वर वळल्या. तेव्हापासून पावसाळा आला की उमाबाई पलंगाभोवती अकरा बादल्या मांडत. श्यामकांतांनी त्या बादल्यांवर लाल रंगात एक ते अकरा नंबर टाकून दिले होते. त्यांच्या मते ही दुरुस्तीच होती.

स्वयंसेवक पथक हे त्यांचं लाडकं अपत्य. त्यात दुसऱ्या मजल्यावरचा अल्पेश होता, तो शिट्टी मिळते म्हणून आला होता. आणि कमळाबाई होत्या, कारण पथकात खरोखर काम करणारं कुणीतरी लागतंच. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी सोनिवलीच्या रस्त्यावर श्रमदान असे: वाळका पाला गोळा करायचा, म्हणजे कुणी तो पेटवणार नाही. मार्च ते मे या काळात कमळाबाईंनी एकटीने चौदा पोती पाला गोळा केला. श्यामकांत भारावले. त्यांनी सर्वांसमक्ष कमळाबाईंना 'आगमुक्त परिसर' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं प्रमाणपत्र दिलं, टाळ्याही झाल्या.

"पाल्याचं काय करता हो, कमळाबाई?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"खतच होल त्याचा," कमळाबाई म्हणाल्या, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पोती गेली गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. पाठोपाठ तबेल्यातल्या वाळक्या गोवऱ्या नातीच्या, जिज्ञासाच्या, वाढदिवसाच्या केकच्या खोक्यातून लिफ्टने वर गेल्या. दोन शेजाऱ्यांनी "काय, पार्टी वाटतं?" म्हणून विचारलं आणि लिफ्टचं दार मिटताच नाक धरलं. मग माती गेली, रोज दोन डबे. आता जागा ठरवायची. श्यामकांत तीन वर्षं लेव्हलची नळी घेऊन गच्चीचा खोलगा शोधत होते. दर वेळी तो निराळ्या ठिकाणी निघे. कमळाबाई एका संध्याकाळी टाकी भरून वाहिली तेव्हा कमरेवर हात ठेवून मिनिटभर उभ्या राहिल्या. पाणी कुठून निघालं आणि कुठे जाऊन थांबलं, एवढंच त्यांनी पाहिलं. "पानी इकरं बसतं," त्या म्हणाल्या, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात, वळलेल्या डांबरी शीटवर, त्यांनी वीतभर मातीचा वाफा घातला. खाली उमाबाईंचा पलंग आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाताला पाणी बसणारी जागा लागते, एवढं ठाऊक होतं.

आता राब. तो न भाजता पेरणी करणं कमळाबाईंच्या स्वप्नातही आलं नसतं. रोपांच्या वाफ्यावर शेण, पाला पसरायचा, वर मातीचा हात फिरवायचा आणि मंद धुमसू द्यायचा. तणाचं बी जळतं, माती हलकी होते. राब न भाजता बी टाकणं म्हणजे उष्ट्या ताटात पाहुण्याला वाढणं, असं त्यांचं स्वच्छ मत. गच्चीची फरशी तापू नये म्हणून तर त्यांनी खाली वीतभर माती घातली होती. सगळा विचार केला होता. एकच गोष्ट ध्यानात आली नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच शेताखाली डांबर नव्हतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, वारा पाहून, त्याच्या उलट्या अंगाने त्यांनी राब पेटवला. तासभर तो शहाण्यासारखा धुमसला. मग वाफ्याबाहेर आलेल्या शीटच्या कडा तापल्या आणि काळाकुट्ट, तेलकट धूर वर उठला. अल्पेशने खालून तो पाहिला आणि गेली दोन वर्षं ज्या क्षणाची तो वाट पाहत होता तो आला म्हणून छाती फुगवून शिट्टी फुंकली.

श्यामकांत तेव्हा बाथरूममध्ये वायसर बदलत होते. पाटी दाराला होती, हेल्मेट डोक्यावर होतं. ते तसेच खाली धावले. आणि खाली, वॉचमनच्या केबिनपाशी, त्यांच्या आयुष्यातलं एक स्वप्न पुरं झालं होतं. आगीच्या सरावाला ज्यांनी कधी पायजम्याची नाडी बांधून खाली उतरायची तसदी घेतली नाही, ते चारही विंगचे रहिवासी सात मिनिटांत हजर होते. श्यामकांतांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आग आठवली.

गच्चीवर ते पोचले तेव्हा कमळाबाई फावडं घेऊन वाफ्यापुढे उभ्या होत्या.

"बाजूला व्हा! पाणी मारायचंय!"

"अवो साहेब, पानी नका मारू! राब फुकट जाल माजा. च्यात दूध टाकंपरेंत आपसूक विझंल तो."

"कमळाबाई, तुम्हाला मी आगमुक्त परिसराचं प्रमाणपत्र दिलंय!"

"मंग? आग परिसरात कुठं हाय? वाफ्यात हाय."

श्यामकांतांना एकतीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर मिळालं नव्हतं. ते पाण्याचा पाइप शोधेपर्यंत राब खरोखरच विझला.

संध्याकाळी सभा भरली. एरवी कोरम जमवायला दारं ठोठावावी लागत, त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. श्यामकांतांनी जळक्या शीटचा एक तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुरावा म्हणून टेबलावर ठेवला होता. "होतं नव्हतं ते वॉटरप्रूफिंग वितळलं. या पावसाळ्यात माझ्या बेडरूममध्ये धबधबा येणार. उद्याच्या उद्या ती माती खाली उतरली पाहिजे." माना डोलल्या. विनिता मागच्या रांगेत ओढणीत तोंड खुपसून बसली होती. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

कमळाबाई उठल्या. सभेत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "साहेब, गलंल तवा गलंल. आधी पानी भरून बघा. एक थेंब खाली आला तर माती मी माज्या हातानं खाली नेन, न् परत गच्चीव पाय नाय ठेवनार. आनि नाय गललं तर?"

"नाही गळलं तर... तर बघू."

"बघू नाय. लिवा."

श्यामकांतांचं एक होतं. माणूस हेकट असेल, पण वहीत खोटं लिहिणारा नव्हता. पाणी साठवून चाचणी घेणं हाच नियम, हे त्यांना पटलं आणि आपल्याला आधी सुचलं नाही म्हणून रागही आला. त्यांनी लिहिलं: गच्चीवर चार बोटं पाणी, अठ्ठेचाळीस तास. गळल्यास माती हटवणे. न गळल्यास वाफा राहील. बोअरवेलचं पाणी पुढच्या शनिवारी भरायचं ठरलं.

आणि रोहिणी लागत होती सोमवारी, शनिवारच्या आधी. कमळाबाईंनी दोन दिवस विचार केला नाही, दोन मिनिटं केला. सोमवारी सकाळी आंघोळ करून, भोपळा उतरवून, त्यांनी गच्चीवर बी पेरलं. सगळंच्या सगळं. रिकामा भोपळा घेऊन त्या खाली आल्या तेव्हा विनिता दारात होती.

"आई, पूर्ण टाकलं? थोडं तरी मागे ठेवायचं ना! शनिवारी लीक झालं तर सगळं गेलं!"

"मागं ठेवून काय करू? पुढल्या साली ते उगवनार नाय, पोरी." कमळाबाई भोपळा मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या. "तुज्या आजेसासूनं मना दिलं तवा मी सोला वर्साची होतू. तिनं एकच सांगितलं, उपाशी र्‍हा, पन बी खाऊ नको. एका साली उपाशी र्‍हायलो आमी. नाय खाल्लं."

विनिताने भोपळा त्यांच्या मांडीवरून उचलला, कानाशी धरून हलवला आणि जपून वरच्या कप्प्यात, मिक्सरच्या खोक्यामागे ठेवला.

शनिवारी पाइपांची तोंडं बुजवून गच्चीवर पाणी सोडलं. चार बोटं पाणी चढलं आणि वाफ्याची कड विरघळायला लागली. कमळाबाई चिखलाने बांध लिंपू लागल्या, पण एकीकडे लिंपावं तर दुसरीकडे ढासळे, आणि वाकलेल्या पाठीने पळता येत नव्हतं. गढूळ पाण्याबरोबर दोनचार दाणे तरंगून गेले. त्यांच्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात जिन्यातून विनिता आली. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात दोन फुगलेल्या गोण्या. सकाळीच स्कूटर काढून ती कॅम्प पाचाला माहेरी जाऊन आली होती. गोण्यांत जीन्सच्या चिंध्या होत्या.

"सरका आई. हे जाड कापड आहे, माती धरून ठेवेल. पप्पा बोलले, जीन्स फाटते पण सुटत नाय."

सासूसुनांनी तासाभरात वाफ्याभोवती निळ्या चिंध्यांचा बांध घातला. भाताच्या वाफ्याला इतका फॅशनेबल बांध आजवर कुणी घातला नसेल. पाणी बांधाशी येऊन थांबलं.

आता सगळ्यांची नजर उमाबाईंच्या बेडरूमकडे. त्यांनी अकराही बादल्या मांडल्या, पलंगाच्या गादीवर प्लॅस्टिक घातलं, आणि मग बघ्यांची रांग लागली. जो तो पलंगावर आडवा पडून छत पाही, चहा पिई आणि पुढच्याला जागा देई. अल्पेश तर शिट्टी तोंडात धरूनच पडला होता. उमाबाईंनी इतकी माणसं आपल्या बेडरूममध्ये लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. कमळाबाई मात्र आत आल्या नाहीत. त्या दाराबाहेर चपलांशेजारी बसून राहिल्या. आत कुणी "अरे!" म्हटलं की त्या उठून उभ्या राहात, आणि ते पाल दिसल्याचं "अरे" आहे असं कळलं की परत बसत.

रविवार गेला. सोमवारी सकाळी अठ्ठेचाळीस तास भरले. श्यामकांतांनी हेल्मेट घालून, शिडीवर चढून, काठीने छत वीत वीत ठोकलं. हात फिरवला. मग बादल्या एकेक करून पाहिल्या. क्रमांक सातमध्ये थोडं पाणी होतं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तो माझा चहा आहे," उमाबाई म्हणाल्या. "सांडला होता."

श्यामकांत पाइपांची तोंडं मोकळी करायला गच्चीवर गेले. पाणी ओसरल्यावर ते वाफ्याच्या कडेशी उकिडवे बसले आणि बांधाबाहेर आलेल्या शीटच्या कडेखाली नख घालून पाहिलं. नख शिरेना. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिला, तोही शिरेना. राबाच्या धगीने डांबर मऊ झालं होतं, वरच्या मातीच्या वजनाने दाबलं गेलं होतं, आणि तीन वर्षं वळलेल्या शीट फरशीला घट्ट बसल्या होत्या. गच्चीवाला मशालीने दहा मिनिटांत जे करणार होता ते कमळाबाईंनी गोवऱ्यांनी केलं होतं. मग खाली येऊन त्यांनी वही उघडली आणि चपलांशेजारी बसलेल्या कमळाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत वाचत लिहिलं: "गळती शून्य. दुरुस्तीचं कारण..." इथे त्यांचा पेन अडखळला. मग खाली मान घालून त्यांनी लिहिलं, "उघडी ज्योत."

उमाबाई इतक्या हसल्या की त्यांना बादली क्रमांक सातचा आधार घ्यावा लागला. कमळाबाई हसल्या नाहीत. त्या जिना चढून गेल्या आणि वाफ्याशी बसल्या. माती पाण्याने खालून भिजून काळीभोर झाली होती, पण वर काहीच नव्हतं.

मंगळवारी काही नव्हतं. बुधवारीही नाही. जुनं बी, कमळाबाई स्वतःशी म्हणाल्या, आपणच उशीर केला. गुरुवारी सकाळी त्या वर गेल्याच नाहीत. उगाच तांदूळ निवडत बसल्या. विनिता गेली. आणि पाच मिनिटांनी तिची हाक तिन्ही माळ्यांवर ऐकू आली. "आई! जल्दी! आलं! आलं ते!"

सुईच्या टोकाएवढे पोपटी कोंब होते. सगळे नाही, निम्म्याहून थोडे जास्त. कमळाबाईंनी वाकून एकाला बोट लावलं आणि तिथेच मटकन बसून रडल्या, मोकळेपणाने, पदर न लावता. दुसऱ्या दिवशी वाफ्यापाशी एक पाटी लागली: 'काम चालू आहे, आत येऊ नये.'

तीन आठवड्यांनी रोपं वीतभर झाली आणि नवाच पेच उभा राहिला. लावणी करायची कुठे? कमळाबाईंनी एवढ्या पुढचा विचारच केला नव्हता. पण एका सकाळी गच्चीचं दार उघडलं आणि उमाबाई आल्या, दोन हातांत दोन बादल्या घेऊन. त्यांच्यामागे श्यामकांत चार घेऊन. त्यामागे अल्पेश उरलेल्या घेऊन, शिट्टी वाजवत.

"आमच्याकडे आता ह्यांचं काही काम नाही, कमळाताई," उमाबाई म्हणाल्या. "तीन वर्षांनी पलंगाभोवती चालायला जागा झालीय."

अकरा बादल्या, लाल नंबरांच्या. चिखल कालवून भरल्या. कमळाबाईंनी रोपांची पहिली चूड, म्हणजे जुडी, क्रमांक एकमध्ये लावली, पण दुसरीला पाठीने दगा दिला आणि त्या भिंतीला टेकल्या. मग विनिता पुढे झाली. तिने बारीक रोपांची चूड हातात घेतली, अंगठ्याने चिखलात खोचली, आणि सासूकडे पाहिलं.

"अगो, एवडी खोल नको. उभी र्‍हायली पायजेल."

विनिताने उपटून परत लावली. दहा बादल्या तिने एकटीने लावल्या. हात धुऊन ती खाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली, तेव्हा तिच्या हातात तो रिकामा भोपळा होता, धुऊन पुसून लख्ख केलेला.

"आई, मिक्सरचा खोका टाकून दिला मी," ती म्हणाली. "दिवाळीला बी निघालं की हा पुढेच ठेवायचा. जागा झाली." आणि मग, जरा लाजत, तिने ओढणीचा पदर ओटीसारखा पुढे धरला.